बॅलन्सिंग मशीनची निवड: प्रकल्प नोंदी

४ मार्च

रोटर, म्हणजे यंत्रांचे फिरणारे भाग, बॅलन्सिंगसाठी (एका बाजूला जास्त भरलेलं वजन शोधून सारखं करायला) बाहेर पाठवणं बंद करून स्वतःचं मशीन घ्यायचं ठरलं. निवडीचं काम माझ्याकडे आलंय, म्हणून आजपासून ही वही.

कारण ताजं आहे. गेल्या महिन्यात बाहेरून बॅलन्स होऊन आलेला ८५ किलोचा ब्लोअरचा पंखा आम्ही बसवला आणि अकराव्या दिवशी ड्राइव्हकडचं बेअरिंग गेलं. पंख्यासोबत आलेल्या कागदावर एकच शब्द होता, 'ओके'. किती फेऱ्यांवर मोजलं, असमतोल किती उरला, कुठल्या बाजूला उरला, काही नाही. चूक बॅलन्सिंगची होती की आमच्या बसवण्याची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मला जास्त त्रास त्याचाच होतोय.

साहेबांचं म्हणणं सरळ आहे: "आपला सगळ्यात मोठा रोटर ७०० किलोचा. १००० किलोचं एक मशीन घ्या, सगळं त्यात होईल." आज मलाही ते पटलं.

७ मार्च

फोरमन काकांबरोबर बसून दोन वर्षांची जॉब कार्डं काढली. प्रत्येक रोटरचं वजन, चालण्याचा वेग, दोन बेअरिंगमधलं अंतर, सर्वांत मोठा व्यास, जर्नलचा (शाफ्टचा बेअरिंगमध्ये टेकणारा भाग) व्यास, स्वतःचा शाफ्ट आहे की नाही. निम्म्या कार्डांवर वजनच लिहिलेलं नव्हतं, ते काकांनी आठवणीतून सांगितलं आणि मी पुढे पेन्सिलीने 'अंदाजे' असं लिहिलं.

चार गट पडले. पंपांचे इम्पेलर (पंपातली पात्यांची चाकं), २ ते २५ किलो, शाफ्टशिवाय येतात. मोटरचे रोटर, ८ ते १८० किलो. शाफ्टसकट पंखे, बहुतेक ४० ते २८० किलो. आणि वेगवान ब्लोअरचे छोटे रोटर, ३ किलोच्या आसपास, मिनिटाला १८,००० फेरे. ३०० किलोच्या वरचे रोटर दोन वर्षांत मोजून नऊ निघाले.

१० मार्च

दिवसभर सहनमर्यादा, म्हणजे कुठल्या रोटरमध्ये किती असमतोल उरलेला चालतो, ते काढत बसलो. आधार आयएसओ २१९४०-११ चा. हे मानक २०१६ मध्ये आलं, त्याआधी हाच मजकूर आयएसओ १९४०-१ नावाने होता आणि दुकानात अजून सगळे 'एकोणीसशे चाळीस'च म्हणतात. हिशोब सोपा आहे: ९५४९ गुणिले ग्रेड (रोटरच्या प्रकाराप्रमाणे मानकात दिलेला आकडा, जितका लहान तितका कडक), भागिले दर मिनिटाचे फेरे. उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. त्याला किलोतल्या वजनाने गुणलं की ग्रॅम-मि.मी.मध्ये उरलेल्या असमतोलाची मर्यादा मिळते.

पंखा, ८५ किलो, १४८० फेरे, ग्रेड ६.३: साधारण ३४५५ ग्रॅम-मि.मी. दोन प्लेनमध्ये, म्हणजे रोटरच्या दोन बाजूंच्या दुरुस्तीच्या जागांत, वाटले तर प्रत्येकी सुमारे १७२८. वजन लावायची त्रिज्या ४५० मि.मी. असेल तर एका बाजूला पावणेचार ग्रॅमच्या थोडं वर.

इम्पेलर, १२ किलो, २९५० फेरे, ग्रेड ६.३: २४५.

छोटा रोटर, ३ किलो, १८,००० फेरे, ग्रेड २.५: एकूण ४ ग्रॅम-मि.मी. प्रत्येक प्लेनला २. त्रिज्या २५ मि.मी. धरली तर ०.०८ ग्रॅम.

०.०८ ग्रॅम! आपल्या डिजिटल वजनकाट्यावर तर तो आकडा हलणारही नाही. पंख्याची मर्यादा आणि या रोटरची मर्यादा एका मशीनवर मोजायची म्हणजे काय, याचा विचार करतच घरी आलो.

११ मार्च

रात्री झोप लागेना म्हणून उठून बलाचा हिशोब केला. असमतोलामुळे पेडेस्टलवर (रोटर पेलणारा मशीनचा आधार) येणारं बल वेगाच्या वर्गाने वाढतं.

पंखा ५०० फेऱ्यांवर फिरवला तरी मर्यादेइतका असमतोल एका बाजूला सुमारे ४.७ न्यूटन बल देतो. छोटा रोटर ९०० फेऱ्यांवर फिरवला तर त्याच्या मर्यादेइतका असमतोल देतो ०.०१८ न्यूटन. दोन ग्रॅमसुद्धा वजन भरणार नाही इतकं ते बल, आणि ते ओळखायचं आहे १००० किलो पेलणाऱ्या ओतीव पेडेस्टलने. पट्ट्याचा सांधा, शेजारून गेलेली ट्रॉली, रोलरवरची धूळ, कशानेही ते बुडून जाईल.

म्हणजे आम्ही प्रश्नच उलटा विचारत होतो. सगळ्यात जड काय येतं हे नंतर बघायचं. सगळ्यात हलकं आणि सगळ्यात कडक मर्यादेचं काय येतं, तिथून सुरुवात करायला हवी. हे पान साहेबांना दाखवायचं आहे.

१४ मार्च

दाखवलं. त्यांचा पहिला प्रश्न: "रोटर १८,००० ला चालतो, मग मशीनही १८,००० फिरवणारं लागेल ना?"

हा गैरसमज मी बऱ्याच जणांकडे बघितलाय, म्हणून उत्तर नीट लिहून ठेवतो. रोटर ताठ असेल, म्हणजे त्याचा चालण्याचा वेग त्याच्या पहिल्या क्रांतिक वेगाच्या (ज्या वेगाला रोटर स्वतःच वाकून थरथरायला लागतो) बराच खाली असेल, तर वस्तुमान कुठे जास्त आहे हे वेगाने बदलत नाही. कमी वेगात मोजून दुरुस्त केलेला असमतोल वरच्या वेगातही दुरुस्तच राहतो. मर्यादा मात्र चालण्याच्या वेगावरून काढायची. रोटर वेगात वाकत असेल तर गोष्ट वेगळी, त्याला लवचीक रोटर म्हणतात आणि त्याचं मानक वेगळं आहे, आयएसओ २१९४०-१२. आमच्या छोट्या रोटरची ड्रॉइंगं मागवून पाहिली. आखूड आणि जाड आहेत, पहिला क्रांतिक वेग चालण्याच्या वेगाच्या खूप वर आहे. ३००० फेऱ्यांचं मशीन त्यांना पुरेल. ९०० ऐवजी ३००० वर फिरवला तर तेच बल अकरा पट होतं, ०.२ न्यूटनच्या घरात. ते मोजता येतं.

साहेब म्हणाले, "मग दोन मशीनं?" मी म्हटलं, बहुतेक. अजून ठरवायचं नाही.

१८ मार्च

काकांचा सगळा भरवसा धारेवरच्या बॅलन्सिंगवर. दोन समांतर धारदार पट्ट्या, त्यावर शाफ्ट, जड बाजू खाली येऊन थांबते. तीस वर्षं त्यांनी इम्पेलर असेच केलेत आणि ते चाललेही. त्यांना न दुखावता मुद्दा कसा मांडावा हे कळत नव्हतं, म्हणून सरळ करूनच दाखवलं.

जुना मोटर रोटर घेतला, धारेवर स्थिर होईपर्यंत त्यांच्याच हातून बॅलन्स करून घेतला. मग दोन्ही टोकांना चिकणमातीचे सारखे दोन गोळे लावले, एक वर, एक बरोबर उलट बाजूला खाली. धारेवर ठेवला. कुठेही सोडा, जागचा हलेना. काकांनी स्वतः चार वेळा फिरवून पाहिला. नंतर तोच रोटर जुन्या चाचणी स्टँडवर फिरवला. दोन्ही बेअरिंग आळीपाळीने धडधडायला लागली, स्टँडवरचा पाना खाली पडला.

काका बराच वेळ गोळ्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे पातळ चकतीला धार चालते, लांबीला नाही." अगदी तेच. बलयुग्माचा असमतोल फिरवल्याशिवाय दिसतच नाही. दोन प्लेनचं मशीन का हवं, हे आता माझ्याआधी काकाच सगळ्यांना सांगतायत.

२५ मार्च

सॉफ्ट बेअरिंग की हार्ड बेअरिंग.

सॉफ्ट बेअरिंगमध्ये आधार सैल असतो, रोटर आधाराच्या अनुनादाच्या (ज्या वेगाला आधार सगळ्यात जास्त थरथरतो) वर फिरवतात आणि हालचाल मोजतात. हलक्या रोटरला त्याची संवेदनशीलता छान. पण नवा प्रकार आला की चाचणी वजन लावून त्या रोटरसाठी पुन्हा कॅलिब्रेशन. हार्ड बेअरिंगमध्ये आधार ताठ, रोटर अनुनादाच्या खूप खाली फिरतो आणि बल मोजलं जातं. बेअरिंगपासून प्लेनपर्यंतची अंतरं आणि त्रिज्या भरल्या की पहिल्याच फेरीत ग्रॅम आणि कोन मिळतो.

एकाच प्रकारचे हजारो रोटर काढणाऱ्या कारखान्याला सॉफ्ट बेअरिंग जड जाणार नाही. आमच्याकडे सकाळी मोटर, दुपारी पंखा, संध्याकाळी इम्पेलर. दर वेळी कॅलिब्रेशन म्हणजे ऑपरेटरचा अर्धा दिवस त्यातच. हार्ड बेअरिंग नक्की.

त्याची एक अट लक्षात ठेवायची: रोटर जड तसा आधाराचा अनुनाद खाली येतो, म्हणून जड रोटर हळूच फिरवावा लागतो. कॅटलॉगमध्ये कमाल वजन आणि कमाल वेग दोन्ही मोठ्या अक्षरांत छापतात, पण ते एकाच वेळी मिळत नाहीत.

२ एप्रिल

आडवं की उभं. इम्पेलर शाफ्टशिवाय येतात, उभ्या मशीनवर वरून ठेवले की झालं, त्यामुळे मोह होता. पण उभ्या मशीनलाही प्रत्येक बोअरसाठी अडॅप्टर लागतोच आणि आमच्याकडे एका मापाचे चार-पाचच इम्पेलर येतात. आडवंच.

९ एप्रिल

एका पुरवठादाराकडे प्रात्यक्षिक. त्यांचा नमुना रोटर बघायला नाही गेलो, गाडीत आमचे तीन घेऊन गेलो: ८५ किलोचा पंखा, १८ किलोचा इम्पेलर, छोटा रोटर.

पंखा पट्ट्यावर ९०० ला नेला तर पट्टा घसरायला लागला आणि रबराचा वास आला. पाती हवा ढकलत होती. हवेसाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, ५०० ला आणलं की ती सहाव्या हिश्श्यावर येते. ५०० ला पंखा निवांत फिरला आणि आकडाही स्थिर आला. मी आधी काढलेलं ४.७ न्यूटन इथे कामाला आलं, कमी वेगात मोजायला घाबरायचं कारण नव्हतं.

दुसरा पर्याय टोकाकडून कार्डन शाफ्टने (दोन्ही टोकांना वळणारे सांधे असलेला जोडशाफ्ट) फिरवण्याचा. तो घसरत नाही, मोठ्या पंख्यांना तोच बरा. पण कार्डनचा स्वतःचा असमतोल आणि जोडणीतली चूक मोजमापात मिसळते. ती वेगळी काढायला रोटर कार्डनच्या संदर्भात १८० अंश फिरवून पुन्हा मोजावं लागतं. मोटरचे आणि छोटे रोटर पट्ट्यावर, पंखे कार्डनवर असं मनात ठरवलं. मशीन दोन्ही जोडता येणारं हवं.

१० एप्रिल

कालचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आज शांतपणे लिहितोय.

१८ किलोचा इम्पेलर त्यांच्या मँड्रेलवर (बिनशाफ्टचा भाग फिरवण्यापुरता चढवायचा तात्पुरता शाफ्ट) चढवला, बॅलन्स केला, पडद्यावर जवळजवळ शून्य. पुरवठादाराचा माणूस खूश, छापील अहवाल काढायला निघाला. मी म्हटलं, एक मिनिट. नट सैल केला, मँड्रेल होता तसाच ठेवून इम्पेलर त्यावर अर्धा फेरा फिरवला, पुन्हा आवळला, पुन्हा चालवला.

३१० ग्रॅम-मि.मी.

इम्पेलरला कुणी हातही लावला नव्हता. इम्पेलर उलटवला की मँड्रेलची चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणजे खरी चूक १५५. या इम्पेलरची पूर्ण मर्यादा ३६७. म्हणजे मर्यादेचा चाळीस टक्क्यांहून जास्त भाग मँड्रेलने आधीच खाल्ला होता, आणि छापील अहवालात ते कधीच दिसलं नसतं. डायल गेज लावून मँड्रेल हाताने फिरवला. ०.०१ मि.मी.च्या गेजवर सुई दीड घर हलली. एकूण रनआउट (फिरताना पृष्ठभाग जितका आत-बाहेर होतो) १५ मायक्रॉन, उत्केंद्रता त्याच्या निम्मी, साडेसात. १८ किलोला साडेसात मायक्रॉन म्हणजे १३५. बाकीचे वीस मँड्रेलचा स्वतःचा असमतोल आणि बोअरमधली ढिलाई.

त्या माणसाने प्रामाणिकपणे मान्य केलं, हे आवर्जून लिहितो. त्याने अहवाल बाजूला ठेवला आणि स्वतःच्या वहीत सगळे आकडे उतरवून घेतले.

आमच्या बजेटमध्ये मँड्रेलसाठी ओळच नव्हती. आज घातली. ग्राइंड केलेले, टणक, टेपर स्लीव्हचे. कितीही चांगलं मशीन घेतलं तरी ते मँड्रेल आणि इम्पेलर मिळून जे आहे तेच मोजणार.

१६ एप्रिल

मोटरच्या रोटरला चावीचा, म्हणजे शाफ्ट आणि पुली एकमेकांत अडकवणाऱ्या पोलादी तुकड्याचा, प्रश्न. आयएसओ २१९४०-३२ प्रमाणे शाफ्ट बॅलन्स करताना कीवेमध्ये (चावीसाठी शाफ्टला पाडलेली खाच) अर्धी चावी भरायची, म्हणजे पुली बनवणारा आपला अर्धा हिशोब करतो, आपण आपला. काका म्हणाले, "एवढ्याशा चावीने काय होतंय?"

हिशोब केला. ३५ मि.मी. शाफ्ट, १० मि.मी. रुंद आणि ५ मि.मी. खोल कीवे, लांबी ६०. त्यातलं पोलाद साडेतेवीस ग्रॅम, केंद्रापासून सुमारे १५ मि.मी. म्हणजे ३५३ ग्रॅम-मि.मी. त्या २० किलोच्या, २९५० फेऱ्यांच्या रोटरची ग्रेड २.५ ची मर्यादा आहे १६२. चावी विसरली तर रोटर मर्यादेच्या दुपटीहून बाहेर जातो, आणि मशीन मात्र बॅलन्स झाला म्हणून हिरवा दिवा दाखवणार. अर्ध्या चाव्यांचा संच मशीनच्या खणातच ठेवायचा.

२२ एप्रिल

खरेदीच्या मॅडमबरोबर मागणीपत्राचा मसुदा. त्यांनी विचारलं, "तुलना कशावर करायची? सगळेच 'अतिसंवेदनशील' लिहितात." बरोबर प्रश्न. दोन आकडे लेखी मागायचे ठरलं.

पहिला, मशीनवर किमान किती असमतोल उरतो, ज्याला सगळे यूमार म्हणतात. नुसता आकडा नको, किती वजनाच्या प्रूव्हिंग रोटरवर (मशीन तपासायचा खास रोटर) आणि किती फेऱ्यांवर, तेही हवं. आमच्या कडक मर्यादेपेक्षा तो बराच खाली हवा, काठावर नको.

दुसरा, एका दुरुस्तीत असमतोल किती टक्के कमी होतो. हा आकडा मॅडमना एका उदाहरणात पटला. इम्पेलर २००० ग्रॅम-मि.मी. घेऊन आला, मर्यादा २४५. मशीन ९५ टक्के कमी करणारं असेल तर एका ड्रिलिंगमध्ये १०० वर येतो, काम संपलं. ८० टक्क्यांचं असेल तर ४०० वर अडकतो: पुन्हा चालवा, पुन्हा ड्रिल, पुन्हा चालवा. दिवसभरात तो फरक कितीतरी जॉबचा होतो.

आणि अट: दोन्हीची चाचणी आयएसओ २१९४०-२१ प्रमाणे, आमच्या जागेवर, मशीन बसवल्यानंतर. एका पुरवठादाराने 'कारखान्यात केलेली चाचणी ग्राह्य धरावी' असं कळवलं. त्यांना नम्रपणे नाही म्हटलं.

२९ एप्रिल

ठरलं. १००० किलोचं मशीन घ्यायचं नाही.

एक हार्ड बेअरिंग आडवं मशीन, ३०० किलोपर्यंत, पट्टा आणि कार्डन दोन्ही. दुसरं छोटं टेबलावरचं हार्ड बेअरिंग, १० किलोपर्यंत, ३००० फेऱ्यांचं, छोट्या रोटरांसाठी आणि हलक्या इम्पेलरांसाठी. ३०० किलोवरचे नऊ रोटर त्यांच्या जागीच, त्यांच्याच बेअरिंगवर, हाती न्यायच्या उपकरणाने बॅलन्स करायचे. तसंही एवढे पंखे काढून आणणं, वाहतूक, पुन्हा बसवणं, त्यात जोडणीच्या नव्या चुका येतातच.

साहेबांनी एकदा विचारलं, "उद्या मोठं काम आलं तर?" मी कार्डांचा गठ्ठा पुढे केला. त्यांनी पानं उलटली आणि सही केली.

६ मे

संरक्षक जाळीवर वाद झाला, जाळीने काम मंदावतं म्हणून. ३०० मि.मी. त्रिज्येवरचा क्लॅम्प ९०० फेऱ्यांना सुटला तर सेकंदाला २८ मीटरने येतो, ताशी शंभर किलोमीटरच्या वर. झाकण उघडं असेल तर मशीन सुरूच होणार नाही, अशी जोडणी मागणीपत्रात घातली. यावर तडजोड नाही.

फाउंडेशन वेगळं, जमिनीपासून सुटं, प्रेसपासून लांबच्या कोपऱ्यात.

१९ जून

छोट्या मशीनची जागेवरची चाचणी. प्रूव्हिंग रोटर जेवढा जमेल तेवढा बॅलन्स केला, मग जाहीर केलेल्या यूमारच्या दहा पट वजन ३०-३० अंशांवर बारा जागी फिरवत प्रत्येक वेळी वाचन. वाचनं सरासरीच्या ०.८८ ते १.१२ पटीत यायला हवीत, एखादंच बाहेर चालतं.

तीन बाहेर गेली. पुरवठादाराचा इंजिनिअर सेन्सरच्या वायरी तपासायला लागला. काका मात्र खाली बसून पट्ट्याकडे बघत होते. पट्ट्याचा सांधा जाड होता, पुलीवरून जाताना दर वेळी बारीक टक. त्यांनी हात वर केला: "याला ऐका." बिनसांध्याचा पट्टा घातला, पुन्हा बारा वाचनं. एकही बाहेर नाही.

२४ जून

मोठं मशीनही पास. सुरुवातीला बेअरिंग गेलेला तोच पंखा आज परत आणला होता. ५०० फेऱ्या, कार्डनवर, १८० अंश उलटवून चूक वजा केली. आल्यावर डाव्या प्लेनला ९,२०० ग्रॅम-मि.मी. म्हणजे मर्यादेच्या पाच पटीहून जास्त. बॅलन्सिंगचं राहिलं होतं की अकरा दिवस खराब बेअरिंगवर फिरून पात्यांची झीज झाली, हे आजही सांगता येत नाही.

काकांनी दोन पट्ट्या वेल्ड केल्या. जॉब कार्ड भरलं: वजन ८५ किलो, चालण्याचा वेग १४८०, ग्रेड ६.३, मोजणीचा वेग ५००, मर्यादा प्रत्येक प्लेनला १७२८. उरलेला असमतोल डावीकडे ४२०, उजवीकडे ६१०. कार्डन उलटवून तपासलं: हो. चावी: अर्धी, बसवलेली. ऑपरेटरची सही, काकांची सही. कार्डाची एक प्रत पंख्याच्या खोक्यात घातली.